वीतभर मोरपंखी

ईनबाई, काल दुपारी तुम्ही आल्या होत्या.

तुमच्याच अंगणात, तुमच्याच बाजेवर मी उन्हाकडे पाठ करून बसले होते. मांडीवर लेकराची कुंची, बोटांत सुई. थंडीतलं ऊन कसं असतं तुम्हाला माहीत आहे, आधी पाठ शेकतं आणि मग हळूच डोळ्यांवर हात ठेवतं. माझा डोळा लागला. तेवढ्यात कुंचीचं पलीकडचं टोक कोणीतरी अलगद ओढून सारखं केलं. ही तुमचीच सवय. कापड दोघींच्या मांडीवर पसरलेलं असलं की दर चार टाक्यांनी ते आपल्याकडे ओढून घ्यायचं. मी डोळे न उघडताच म्हणाले, "ओढू नका ना व ईनबाई, माहा टाका वाकडा पडते."

आणि तुम्ही म्हणाल्या, "सरळ कवा पडला होता?"

डोळे उघडले तर समोर वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा आणि त्यांवर एक चिमणी. कुंचीचं टोक बाजेच्या सुंभात अडकलेलं. सुनंदाला सांगितलं तर म्हणते, "आई, तू सकाळी धड जेवली नाई, म्हणून होते तसं." जेवणाचा काय संबंध? भरल्या पोटीही तुम्ही मला सोडत नव्हत्या.

या पोरीला काय सांगायचं. सुनंदा माझी लेक आणि तुमची सून, म्हणून आपण दोघी विहिणी झालो. आपल्याकडे विहिणीचं नातंच असं, की एकमेकींना मान द्यायचा आणि त्याच ताटात टोमणाही वाढायचा. मी अनसिंगकडची, तुम्ही शेलूबाजारकडच्या. मधे दोन गाड्या बदलायच्या. एवढ्या अंतरावरूनही तुमचा टोमणा शिळा होऊन कधी पोचला नाही.

तुमच्या तेरवीला आले ती इथंच राहिले. सुनंदाच्या रेणूचे, आपल्या नातीचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तुमच्या घरी. तेरवी होऊन नऊ दिवस झाले आणि रेणूला मुलगी झाली. सगळी आळी म्हणते, आजीच परत आली. मी नाही म्हणत. ही पोट्टी फार गोड रडते. तुम्ही आल्या असत्या तर आल्याबरोबर सुइणीलाच विचारलं असतं, एवढा उशीर काहून केला म्हणून.

उद्या तिचं बारसं आहे. म्हणून ही कुंची काढली. आणि कुंची काढली म्हणून ती गोष्ट वर आली, जी तुम्हाला सांगायची राहून गेली. सव्वीस वर्षं राहिली. शेवटचा फोन केला तेव्हाही ओठांवर होती. तुम्ही म्हणत होत्या, "या ना आता. कुंची पेटीतून काढून ठेवली हाय. अस्तर इरलं तिचं. मिळून करू."

मी म्हणाले, "येतो. तुमाले एक गोष्ट सांगाची हाय."

"सांगा ना मंग."

"फोनवर नाई सांगत."

"जुनी हाय का नवी?"

"जुनी."

"मंग होऊ द्या आनखी दोन दिवस जुनी. लोनचं हाय ते, नासत नाई." आणि हसल्या. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या उजव्या कानात आहे, कारण फोन मी उजव्या कानालाच लावते. दोन दिवसांनी सुनंदाचा फोन आला. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, म्हणाली.

आता इथं बसून सांगते. ऐका. ओढू नका.

रेणू माझ्या घरी झाली तेव्हाची गोष्ट. ती दोन आठवडे आधीच आली, मूठभर, मांजराच्या पिलासारखी. आणि आपल्याकडे लेकरू जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवत नाहीत. त्यामुळे सगळं शिवणं मागून. त्यात मला ताप आला. बारसं उद्यावर आलं तरी कुंचीचा नुसता वरचा खण कापून ठेवलेला. आणि थंडी तर अशी की पाण्याच्या रांजणाला हात लावला की हात म्हणायचा, मी तुझा नाही.

त्या सकाळी तुम्ही आल्या. अंगावर मोरपंखी लुगडं, भावानं भाऊबीजेला घेतलेलं, तिसऱ्यांदाच नेसलेलं. काखेत पिशवी. रेणूला पाहिलं, तिच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. मग पिशवीतून एक जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला, आणि माझ्यापुढं ठेवला. "हे अस्तराले घ्या. माह्या सासूचं हाय. नव्वदीपर्यंत नेसलं तिनं."

आणि मी, ईनबाई, सगळ्या बायांसमोर म्हणाले, "आमच्याकडं पयली कुंची आजोळची असते. खणबी आमचा, अस्तरबी आमचं. दुसऱ्या घरचं कापड लागत नाई तिले."

तुम्ही म्हणाल्या, "लेकरू दोन घरचं, अन् कुंची एका घरची? असं काहून?"

"रीत हाय."

"रीत हाय," तुम्ही म्हणाल्या. तो तुकडा पुन्हा घडी केला. घडीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला, जसं कोणी झोपलेल्या लेकराला थोपटतं. मग पिशवीत ठेवला. एवढंच. पण तो हात मी पाहिला होता. खरं सांगू, रीत होती तेवढीच माझी जिरवायची हौसही होती. लग्नात तुमच्याकडच्यांनी आमच्या बुंदीला नावं ठेवली होती, ती माझ्या मनात होती. बघा, बुंदीवरून मी एका म्हातारीच्या आशीर्वादाला दार लावलं.

पण तुम्ही रुसून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "कापड नको तं नको, हात तं चालतीन ना माहे? बारसं उद्या हाय. आना सुई."

मग दोघी ओसरीवर समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. मधे कुंची पसरलेली. आजच्या पोरींना कुंची माहीत नाही. डोक्याला टोपीसारखी बसते आणि खाली पाठीवर पसरते, लेकराला गुंडाळलं की वारा शिरायला फट राहत नाही. वर खण, खाली मऊ अस्तर. आपलं ठरलं होतं, कपाळाकडून निघायचं, मी माझ्या बाजूनं, तुम्ही तुमच्या बाजूनं, आणि खाली पाठीच्या मधोमध भेटायचं.

तुमचा टाका तांदळाच्या कणीसारखा. माझा म्हणजे काय सांगू. तुम्ही पाहिलं आणि म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या दोन टाक्यांतून मांजर पल्याड जाईन."

"जाऊ द्या. उंदीर तं येनार नाई."

आत सुनंदा हसत होती, बाळंतीण, पोटाला पट्टा बांधलेला, "आत्याबाई, हसवू नका व, दुखते." वेखंडाचा आणि धुरीचा वास सगळ्या घरात भरलेला. बाहेर ऊन. आजही आठवलं की ते सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसतं, हलतं, पण पुसत नाही.

लांब टाक्यांमुळं मी लवकर मधोमध पोचले. तुम्ही अजून दीड-दोन वीत मागं होत्या. तिथं मी थांबायला हवं होतं. पण ठसका नडला. दाखवते हिला, म्हणून मी हद्द ओलांडून तुमच्या बाजूला शिरले. तिथं कुंची तुमच्या गुडघ्यावर पसरलेली. खालून सुई वर आली आणि तिच्या टोकाला मोरपंखी धागा चमकला.

मला कळलं. कुंचीसोबत मी तुमचं लुगडं शिवत होते.

मांडीवर घेऊन शिवणाऱ्या बाईच्या हातून हे होतंच कधी तरी. आपलंच नेसूचं आपणच शिवून बसायचं आणि उठताना पडायचं. त्यात काय एवढं. लगेच बोलले असते तर एकच टाका होता. पण मी बोलले नाही. मनात म्हटलं, कणीसारखे टाके घालता ना, उठा आता चारचौघींत कुंची घेऊन. आणि मी पुढं शिवत गेले. चार बोटं. मोजून सांगते, चार बोटं शिवलं मी, पाहून, समजून, उजेडात.

मग माझंच मला काही तरी झालं. चुलीवर दूध आहे म्हणाले आणि सुई तशीच टोचून आत गेले. दूध नव्हतंच चुलीवर. मी स्वयंपाकघरात उभी राहिले, फडताळाला टेकून. आधी हसू आलं. मग तुमचा तो हात आठवला, घडीवरून फिरणारा. मी ठरवलं, जाऊन सांगावं, ईनबाई थांबा, चुकलं माझं. पण आम्हा बायांचं ठरवणं कसं, आधी तोंड धुतलं, मग डबा जागेवर ठेवला, मग भांडं पालथं घातलं. बाहेर आले तोवर तुम्ही दाताने दोरा तोडत होत्या.

"झाली," तुम्ही म्हणाल्या. "तुमचंबी उरलेलं केलं मीच."

आणि दारात जीपचा हॉर्न वाजला. तुमच्या गावची जीप, बाजाराला माल टाकून परत निघालेली; तिच्यात बसून तुम्ही जाणार आणि उद्या बारशाला घरच्यांना घेऊन येणार होत्या. आता काय सांगणार? तुम्ही "येतो व सुनंदा" म्हणत उठल्या, आणि कुंची तुमच्यासोबत उठली.

सगळ्या बाया हसल्या. तुम्ही खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं माय, हे काय झालं?"

मी धावले. "थांबा, थांबा, उसवतो मी."

"काय उसवता? लेकराच्या पयल्या कपड्याचा टाका उसवत नसतेत."

हे तर माझ्याच सासूचं म्हणणं. लेकराचा टाका उसवला की लेकराची झोप उसवते. माझीच रीत माझ्याच तोंडावर आणून ठेवली तुम्ही. म्हणाल्या, "आना कातर."

कातर सापडेना. मी घरभर शोधली, फडताळ, कोनाडा, सूप. बाहेर हॉर्न, आत हसणं. शेवटी ती तुमच्या बसल्या जागी निघाली, मांडीखाली होती इतका वेळ. आणि मी "थांबा ना" म्हणेपर्यंत तुम्ही निऱ्यांच्या घोळात कातर घातली. कर्र. भाऊबीजेचं लुगडं. तुमचा एकुलता भाऊ.

मग तुम्ही पुन्हा खाली बसल्या. जीपवाला ओरडला, "काकू, येता का नाई?" तुम्ही म्हणाल्या, "जा बाप्पा तू. माह्या नातीचं काम रायलं."

कुंचीच्या कडेला आतून ते मोरपंखी लोंबत होतं, कडा कुरतडल्यासारख्या. मी म्हटलं, आता हे ध्यान बारशात कसं न्यावं? तुम्ही रेणूला उचलून माझ्या मांडीवर दिली, ती रडत होती, आणि कुंची आपल्याकडं ओढली. तो तुकडा शिवणीवरून वर दुमडला. त्याच्या फाटक्या कडा आत घेतल्या, नखानं दाबून दाबून. तिन्ही बाजूंनी तुरपाई केली, वरचं तोंड उघडं ठेवलं. अर्ध्या तासात खिसा झाला. वीतभर मोरपंखी खिसा, कुंचीच्या आतल्या बाजूला. त्यात वेखंडाचा तुकडा आणि ओव्याची पुरचुंडी घातली, आणि म्हणाल्या, "घ्या. सर्दीचं औषध कुंचीतच."

दुसऱ्या दिवशी बारशाला आलेली प्रत्येक बाई विचारत होती, असा खिसा कोणी काढला म्हणून. तुम्ही म्हणाल्या, "ईनबाईनं." माझ्याकडे बोट दाखवून. आणि मी मान हलवली हो. हलवली मी मान.

पुढं ती कुंची किती लेकरांनी घातली याचा हिशोब नाही. तुमच्या आळीत गेली, माझ्या भाचीकडे मालेगावला गेली, परत आली. प्रत्येकीनं खिशात आपापलं वेखंड घातलं. आणि तुम्ही ते लुगडं फेकलं नाही. भोक आतल्या घोळात ढकलून नेसत राहिल्या. माझ्याकडच्या प्रत्येक कार्याला तेच. मला वाटायचं, मला दाखवायलाच नेसतात. तुम्ही निऱ्या सावरल्या की मी दुसरीकडे बघायची.

आणि प्रत्येक लेकराच्या वेळी आपला तोच वाद. "लेकरू दोन घरचं, कुंची एका घरची काहून?" "रीत हाय ना व." "रीत कोनं केली?" "तुमी नाई केली एवढं मले माईत हाय." हा वाद मिटला नाही. मिटवायचा नव्हताच आपल्याला. तो मिटला असता तर जेवल्यानंतर बोललो काय असतो?

आमचे हे गेले तेव्हाचं तुम्हाला आठवतं का? सगळे येऊन रडून गेले. तुम्ही आल्या आणि रडल्या नाहीत. तीन दिवस राहिल्या. माझ्या शेजारी बसून माझ्या घरातलं जे जे उसवलेलं होतं ते शिवत राहिल्या. उशीचे अभ्रे, त्यांच्या सदऱ्याची गुंडी, पिशवीचे बंद. सदरा आता कोण घालणार होतं, तरी गुंडी लावली. मला म्हणाल्या, "घालाले कोनी नसलं तरी उघडं ठेवू नाई." त्या तिसऱ्या दिवशी मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तुम्ही म्हणाल्या, "सुईत दोरा ओवून द्या, मले दिसत नाई आता." मी ओवून दिला. बोलायचं सुईच्या भोकातून निघून गेलं.

का सांगितलं नाही? भीती वाटायची का? हो. तुम्ही रागावाल याची नाही. तुम्ही रागवायच्या नाहीत, "असं का?" म्हणायच्या आणि पुढं शिवत राहायच्या, याची. आणि मग आपल्यात जे काही जमलं होतं, त्याच्या बुडाशी माझा तो वाईटपणा आहे हे दोघींना माहीत झालं असतं. एकटीला माहीत होतं तोवर मी ते पदराखाली झाकून नेत होते.

आता कालचं सांगते.

तुमची पेटी उघडली तर सगळ्यात वर ते लुगडं. मोरपंखी कसलं, आता पावसाळ्याच्या आभाळासारखं झालेलं, आणि हाताला असं की हातात काही आहे की नाही कळू नये. भोक जिथल्या तिथं. मी म्हटलं, अस्तर याचंच. शेजारची बाई आली होती, ती म्हणे, "काकू, गेलेल्या मानसाचं कापड नव्या लेकराले?" मी काही बोलायच्या आधी आतून रेणू म्हणाली, "नव्वदीच्या म्हाताऱ्यांचं चालते म्हनता, मंग माह्या आजीचं काहून नाई चालत?" तुमचीच नात. "काहून" म्हणते तर मान तुमच्यासारखीच तिरपी करते.

आणि तसंही या खेपेला रीतच तुमच्या बाजूची. या लेकराचं आजोळ म्हणजे तुमचं घर. खण तुमचा, अस्तर तुमचं. माझं काही लागत नाही.

जुनं अस्तर विरून जाळी झालं होतं. ते मी उसवलं नाही, घाबरू नका. जिथं विरलं तिथं गळून पडलं, नुसतं शिवणीला धरून राहिलेलं ठेवलं. खिशाची तुरपाईही इतक्या वर्षांच्या धुण्यानं सुटत आली होती. बोट लावलं आणि खिसा पाकळीसारखा खाली उघडला. सव्वीस वर्षांनी त्याच्या मागची शिवण उन्हात आली. माझी ती शिवण. मी चष्मा पुसला. बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

माझे टाके होते. लांब, वेडेवाकडे, बैलगाडीच्या चाकोरीसारखे. चार बोटं.

पण तुकडा तर वीतभर होता, ईनबाई.

इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी शिवलं चार बोटं, आणि तुम्ही कापून दिलं वीतभर. उरलेलं कोणी शिवलं?

मी कुंची डोळ्यांजवळ नेली. माझ्या टाक्यांच्या खालून एक ओळ निघाली होती, कणीसारखी बारीक. माझ्या चार बोटांखालून गेलेली आणि तिथं न थांबता पुढं, वीत भरेपर्यंत. साधा टाका नव्हता तो. एक पाऊल पुढं, अर्धं मागं, असा पक्का टाका, जो आपण ओझं पेलायच्या जागी घालतो, पिशवीच्या बंदाला. नुसत्या अस्तरातून आणि लुगड्यातून घातलेला, वर खणावर त्याचा ठिपकाही नाही. म्हणजे तुम्ही कुंची उचलून, खालून, बघून शिवलं. दोन्ही टोकांना गाठ मारली.

मी स्वयंपाकघरात उभी राहून तोंड धूत होते, तेवढ्यात.

मी बाजेवर तशीच बसून राहिले. ऊन सरकून पायांवर गेलं. मला तुमचं ते "अवं माय, हे काय झालं?" पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी त्यातलं हसू ऐकू आलं. तुमच्या सासूचं कापड मी परत केलं, तर तुम्ही स्वतःच्या अंगावरचं आणून ठेवलं त्या कुंचीत. माझ्या वाईटपणाचा दोरा धरून तुम्ही आत शिरल्या. मी समजत होते मी तुम्हाला फसवलं. तुम्ही समजत होत्या तुम्ही मला फसवलं. आणि सव्वीस वर्षं आपण त्या निऱ्यांकडे बघायचं टाळत बसलो. काय बाया आपण!

म्हणजे तुम्हालाही सांगायचं होतं का काही? की तुम्ही ते लोणचं मुद्दाम मुरू देत होत्या? आता कोणाला विचारू?

मी रडले, हे सांगायला हरकत नाही. पण हसलेही. चिमणी उडून गेली.

आज सकाळी बसलो, मी आणि सुनंदा, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. लुगड्याचं अस्तर कापताना भोक मी मुद्दाम खाली आणलं, आणि कुंचीला धरून राहिलेला तो तुकडा बरोबर त्या भोकात बसवला. कडा एकमेकींना ओळखत होत्या. जिथं एक दात बाहेर होता तिथं दुसरीकडे खाच होती. रंग मात्र वेगळे. तुकडा पिवळट, वेखंडाचा वास मुरलेला, आणि लुगडं आभाळासारखं. पण अख्खं झालं, ईनबाई. तुमच्या भावाचं लुगडं अख्खं झालं, आणि लेकराचा एकही टाका उसवावा लागला नाही. तुकड्याचं वरचं तोंड तेवढं उघडं ठेवलं, म्हणजे खिसाही राहिला, जसा होता तसा.

मग कडेनं शिवत निघालो. सुनंदाचा टाका तुमच्या वळणाचा, बारीक. तुमच्याकडून शिकली, माझ्याकडून नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही आता. ती म्हणाली, "आई, तुझ्या टाक्यांतून मांजर जाईन." मी म्हटलं, "ते मांजर जुनं हाय, त्याले वाट माईत हाय."

मी मधोमध पोचले. ती मागं होती. मी थांबले नाही. फक्त या खेपेला कापड माझ्याकडे ओढलं, माझ्या गुडघ्यावर. आज मी जांभळं नेसले होते, जुनं, मऊ झालेलं. सुई खालून वर आली आणि टोकाला जांभळा धागा चमकला. मी चार बोटं शिवलं. मग म्हटलं कंजुषी कशाला, वीतभर शिवलं.

वर पाहिलं तर सुनंदा माझ्या सुईकडेच पाहत होती. मला वाटलं, आता ही बोलते. पण तिनं मान खाली घातली आणि आपल्या बाजूचा टाका घालत राहिली.

आतून रेणूनं हाक मारली, "आजी, उठली व ही." मी बाजेवरून उठले, आणि कुंची माझ्यासोबत उठली.

"अवं माय," मी म्हणाले, "हे काय झालं?"

"उसवू का व आई?" सुनंदा म्हणाली.

"लेकराचा टाका उसवत नसतेत. कातर आन."

कातर आणायला तिला उठावं लागलं नाही. ती तिच्या मांडीखालीच होती.